दहापर्यंतच्या टिपणीस बाई

मी एका जपानी मुलीला जपानी आकडे चुकीचे शिकवले. मुलगी पाच वर्षांची होती. आकडे तिला आधी बरोबर येत होते, मी शिकवल्यावर चुकले. हे काम मी पेणहून एसटीने रोह्याला जाऊन, सुट्टीच्या दिवशी, पदरचं भाडं भरून केलं.

याला कारण टिपणीस बाई. म्हणजे दोष माझाच, पण बाई नसत्या तर तो करायची संधी मला कोण देणार होतं?

तेव्हा मी डोलवीच्या बाजूला एका कंपनीत ठेकेदाराकडे सुपरवायझर होतो. कंपनीत जपानी मशीन येणार, ते बसवायला तिकडचे इंजिनीअर येणार, अशी बातमी आली. आमचे साहेब कॅन्टीनमध्ये सहज बोलून गेले, की कुणाला थोडंफार जपानी येत असेल तर बरं होईल. साहेब भजी खाता खाता बोलले आणि चहा येईपर्यंत विसरलेही असतील. मी मात्र वडखळ येईपर्यंत मनाने ओसाकाला पोचलो होतो, आणि पेणला घरी शिरताना बायकोकडे असं पाहिलं की ती म्हणाली, "काय झालं? पोट दुखतंय का?"

रोह्याला नदीपलीकडे अष्टमीत एक बाई जपानी शिकवतात, हे एका ड्रायव्हरने सांगितलं. पूल ओलांडून गेलो. एका साध्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर दाराला पुठ्ठा लावलेला होता : "जपानी शिकवणी. दर शनिवारी. चपला बाहेर, रस्त्याकडे तोंड करून." मी स्वतः रस्त्याकडे तोंड करून चपला काढल्या. आतून आवाज आला, "चपलांचं तोंड म्हटलंय, तुमचं नाही. तुम्ही आत बघा."

त्या टिपणीस बाई. रोह्याच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. लहानखुऱ्या, ताठ, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा आणि चष्म्याच्या वरून बघायची सवय. मी माझी सगळी माहिती सांगायला सुरुवात केली. गाव खारेपाटातलं, राहायला पेणला, कंपनीत अमुक आहे. बाईंनी अर्ध्यावर थांबवलं.

"हात धुतलेत?"

मला वाटलं जपानी रीत असेल. धुऊन आलो. बाईंनी माझ्यापुढे मोड आलेल्या वालांचं पातेलं सरकवलं.

"सोला. एक वाल सोलला की एक आकडा म्हणायचा. इची."

"इची," मी म्हणालो. वाल बोटांतून निसटला आणि कपाटाखाली गेला.

"तो मोजायचा नाही. परत इची."

बाईंची शिकवायची पद्धत ती अशी. शनिवारी त्यांच्याकडे बिरडं असायचं, आणि बिरड्याचे वाल सोलायला विद्यार्थी. इची, नि, सान, योन, गो करत आम्ही दहाला पोचायचो. कुणी अडखळलं की पहिल्यापासून. माझं जपानी किती सुधारलं ते पुढे येईलच, बाईंचं बिरडं मात्र दर शनिवारी वेळेवर झालं.

'आम्ही' म्हणजे मी आणि प्राजक्ता. प्राजक्ता धाटावची. रोह्यात एका डॉक्टरांकडे नर्स होती, आणि तिला जपानला म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायच्या नोकरीवर जायचं होतं. ती खरी शिकायला आली होती. मला हे कळलं ते तिने माझ्याकडे पहिल्यांदा बघितलं तेव्हाच. 'हे काका कशाला आलेत' असा चेहरा होता, पण तोंडाने ती दादा म्हणाली.

बाई दोघांनाही अहो-जाहो करायच्या. रागावल्या की जास्तच. "पाटील, आपण शुद्धीवर आहात का?" हे त्यांचं रागाचं शेवटचं टोक. आणि त्यांना राग कशाचा यावा? मी बोटांची पेरं मोजायचो त्याचा. आमच्याकडे अंगठा पेरांवरून फिरवत मोजतात, वडील तसे मोजायचे, आजा तसा मोजायचा. बाई म्हणायच्या, "जप करायचा नाहीये. हात पूर्ण उघडा. आता अंगठा आत. इची. तर्जनी आत. नि. ते लोक बोटं मिटत मोजतात. पाचाला मूठ, आणि सहाला करंगळी बाहेर."

ही करंगळी माझ्याकडून कधीच एकटी बाहेर आली नाही, शेजारच्या बोटाला घेऊनच यायची. प्राजक्ता तोंडावर ओढणी धरून हसायची.

एसटीत खिडकीपाशी बसून मी सराव करायचो. मूठ मिटायची, उघडायची, ओठ हलवायचे. एकदा नागोठण्याला चढलेल्या मावशी बराच वेळ बघत राहिल्या, मग कंडक्टरला म्हणाल्या, "त्यांना पुढं बसवा गो बाय, उतरताना हात धरावा लागंल." कंडक्टर बाई होती. तिने खरंच मला पुढे बसवलं.

महिने गेले तरी आम्ही दहाच्या पुढे सरकलो नाही. नमस्कार नाही, 'तुमचं नाव काय' नाही. नुसतं मोजणं. पुढे पुढे त्यात बारकावे आले. जपानीत प्रत्येक जातीच्या वस्तूला मोजायचे वेगळे शब्द असतात. वालासारख्या बारक्या वस्तूंना एक, लांबट वस्तूंना दुसरा, चपट्यांना तिसरा, लहान प्राण्यांना चौथा. बाईंना त्यात कोण आनंद. शेवग्याची शेंग उचलून म्हणायच्या, "इप्पोन. दुसरी? निहोन. तिसरी? पाटील, झोपू नका. सानबोन."

शेवटी प्राजक्ताने विचारलंच. "बाई, मोजून मोजून माझा जीव मेटाकुटीला आला. पुढं काय हाय का नाय?"

"आहे. आधी हे पक्कं होऊ दे."

"झालंय की पक्कं."

"तुमचं झालंय," बाई म्हणाल्या आणि माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. पण मला वाटतं त्या माझ्याबद्दल बोलत नव्हत्या.

खरं कारण मला कळलं ते माझ्या चमचेगिरीमुळे. बाईंना खूश ठेवावं म्हणून मी एका रविवारी दुपारी पेणचे पापड घेऊन गेलो, न सांगता. दार उघडंच होतं. बाई फोन पुस्तकाला टेकवून त्याच्यासमोर ताठ बसल्या होत्या. फोनमध्ये एक चिमुरडी पाठमोरी पळताना दिसली आणि मग नुसती भिंत.

"हाना," बाई हाक मारत होत्या. "हाना-चान."

भिंत काही बोलली नाही. थोड्या वेळाने एक हात आला, हाताने हळूच निरोपासारखं केलं आणि फोन बंद झाला.

बाईंनी मला बघितलं होतं. चष्मा काढून पुसला, परत लावला. मग गणित सोडवून दाखवावं तसं सगळं सरळ सांगितलं. मुलगा जपानला नोकरीला गेला, तिथल्या मुलीशी लग्न केलं. पुढे दोघांचं पटलं नाही. मुलगा दुसऱ्याच देशात निघून गेला, त्याचा फोन आला तर येतो. नात हाना आईकडे. सून, म्हणजे युको, तिच्यावर आता कसलंच बंधन नाही, तरी दर रविवारी हानाच्या आंघोळीआधी थोडा वेळ ती फोन लावून देते. स्वतः समोर येत नाही, फक्त तिचा हात दिसतो. पोरीला मराठी येत नाही, बाईंना जपानी येत नाही.

"मग तुम्ही शिकवता काय?" मी भाबडेपणाने विचारलं.

"पुस्तकावरून शिकतेय. माझी वाक्यं तिला कळत नाहीत, ती कंटाळते. एकदा मी सहज लिंबं मोजली तर बसून राहिली. चूक झाली की हसते. म्हणून रोज मोजते. एकटीने मोजलं की चूक झालेली कळत नाही, म्हणून तुम्ही." मग म्हणाल्या, "युकोने एकदा लिहून कळवलंय, मुलीला नको असेल त्या दिवशी फोन बंद करू. बरोबर आहे तिचं. जबरदस्ती किती दिवस करायची?"

मी पापड पुढे केले. दुसरं काय करणार? बाईंनी पुडक्याकडे बघितलं, आणि गणिताच्या बाईंच्या डोळ्यांत एकदम चमक आली.

"पाटील, हे चपटे आहेत."

तिथून आमचं खरं काम सुरू झालं. दर रविवारी बाईंना मोजायला काहीतरी नवीन लागायचं, आणि ते पुरवायचं खातं माझ्याकडे आलं. पापड झाले : इचीमाई, निमाई, सानमाई. हानाने पापड बघून आईला हाक मारली, एवढा मोठा बिस्किटाचा प्रकार तिने पाहिला नव्हता. मग कवठं आणली, पडवळं आणली. बाई कॅमेऱ्यासमोर एकेक धरायच्या, मोजायच्या, मधेच मुद्दाम चुकायच्या, आणि पलीकडून खिदळत दुरुस्ती यायची. गणिताच्या बाई मुद्दाम चुकताहेत, हे त्यांच्या शाळेतल्या कुणाला सांगितलं असतं तर मारायला धावले असते.

सगळ्यांत गाजले ते उंदीर. पेणला माझ्या चुलतभावाचा गणपतीचा कारखाना आहे. त्याच्याकडून मी न रंगवलेले मातीचे उंदीर आणले, मूर्तीच्या पायाशी बसतात ते. भाऊ म्हणाला, "नुसते उंदीर? गणपती नको?" मी म्हटलं, जपानला दाखवायचेत. तो म्हणाला, "तिकडं उंदीर नायत?" बाईंनी ओळीने मांडले. इप्पिकी, निहिकी... एकाची शेपटी एसटीत मोडली होती. हानाने बोट दाखवून काहीतरी विचारलं. प्राजक्ताने आमच्या कंटाळवाण्या वर्गाला वैतागून फोनवरून स्वतःचं स्वतः बरंच शिकून घेतलं होतं, तिने सांगितलं, "ती विचारत्ये, त्याला दुखतंय का." बाईंनी तो उंदीर उचलून पदराखाली घेतला आणि सबंध फोनभर तिथेच ठेवला. त्या दिवशी हात निरोप द्यायला आला तेव्हा हानाने तो बाजूला ढकलला.

दरम्यान आमच्या कंपनीत जपानी इंजिनीअर आले. माझी वेळ आली होती. साहेबांनी मला पुढे केलं. समोर एक वयस्कर, हसतमुख गृहस्थ. मला नमस्कार करता येत नव्हता, नाव सांगता येत नव्हतं. मी टेबलावरचे पाइप उचलले आणि मोठ्याने मोजले, इप्पोन, निहोन, सानबोन. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी कागद मोजले. त्यांनी परत टाळ्या वाजवल्या, जरा कमी. मग मी इकडेतिकडे उंदीर शोधायला लागलो. साहेब मागून हळूच म्हणाले, "पाटील, तुम्ही स्टोअरला जा, तिकडे मोजायला बरंच आहे."

मी बाईंना हे सांगितलं तेव्हा त्या पहिल्यांदा मोठ्याने हसल्या. मग गंभीर होऊन म्हणाल्या, "कागदांना माई लावलंत ना? मग ठीक."

आता माझा पराक्रम.

एका रविवारी बाईंचा घसा पार बसला. शब्द फुटेना. प्राजक्ताची ड्यूटी होती. फोन यायची वेळ झाली. बाईंनी पाटीवर लिहिलं, 'तुम्ही मोजा', आणि माझ्यापुढे तांदळाचं ताट आणि वाटी ठेवली. वाटीने तांदूळ मोजून डब्यात टाकायचे, सोपं काम. त्यांनी मुद्दाम सोपं दिलं होतं.

फोन लागला. पलीकडे दोन काळे डोळे माझ्याकडे बघायला लागले. आजीच्या जागी हा मिशीवाला कोण? हातात वाटी, वाटीत तांदूळ. आता आमच्या घरात भात मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत. पहिलं माप म्हणजे लाभ. वडील खळ्यात पायली उचलायचे ती लाभ म्हणूनच, मग दोन, मग तीन. धान्य हातात धरून 'एक' म्हणायला माझी जीभ लहानपणापासून वळलेलीच नाही. वाटी उलटी केली आणि खणखणीत आवाजात म्हणालो, "लाभ. नि. सान."

हाना खो खो हसली. बाईंनी पाटी उचलली. पाटीवर 'इची' लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या. ते बघून मी आणखी घाबरलो, पुढची फेरी पुन्हा लाभनेच केली. मग पाटीवर माझ्याबद्दल एक शब्द आला. चार पायांच्या प्राण्याचा.

पुढच्या रविवारी बाईंचा आवाज परत आला होता. प्राजक्ताही होती, मी कोपऱ्यात. बाईंनी लिंबू उचललं, बारक्या वस्तूंचं 'एक' म्हणाल्या, "इक्को."

"राबु," हाना म्हणाली. जपानी जिभेवर माझ्या लाभचा राबु झाला होता.

"नाही. इक्को."

"राबु." तिने हाताची घडी घातली.

बाईंनी माझ्याकडे जे बघितलं ते मी इथे लिहीत नाही. त्यांनी सबंध आयुष्य मुलांना चुकीचं उत्तर खोडायला शिकवलं होतं. एक चूक चालवून घेतली की तिच्यावर सगळं उभं राहतं, हे त्या मला वालांच्या पातेल्यापाशी शंभरदा बोलल्या होत्या. पुन्हा एकदा म्हणाल्या, "हाना, इक्को." हाना खुर्चीवरून उतरली. भिंत दिसायला लागली.

बाईंच्या हातात लिंबू तसंच होतं. प्राजक्ता त्यांच्या दंडाला हात लावून म्हणाली, "बाई, म्हणा की तिच्यासारखं. पोरगी जात्ये."

बाई म्हणाल्या, "लाभ."

आवाज बसलेल्या घशापेक्षा बारीक होता. भिंत भिंतच राहिली. मग अर्धा चेहरा आला, कपाळ आणि एक डोळा.

"लाभ," बाई परत म्हणाल्या. "नि. सान."

हाना चढून बसली.

तेवढ्यात पहिल्यांदाच त्या हाताची मालकीण समोर आली. युको. केस वर बांधलेले, दमलेला चेहरा, खांद्यावर टॉवेल. ती लांबलचक काहीतरी बोलली. आम्हाला वाटलं, संपलं. बाई उठून उभ्या राहिल्या, वर्गात तपासनीस आल्यावर राहायच्या तशा.

प्राजक्ता ऐकत होती. म्हणाली, "बाई, त्या सांगतायत की त्यांच्याकडं टबात बसल्यावर पोरांनी दहा मोजायचे, मगच बाहेर यायचं. तशी रीत हाय म्हणं. ही आठवडाभर टबात राबु राबु करत्ये, इची म्हणतच नाय. त्या विचारतायत, हे काय हाय?"

बाईंनी मला पुढे ओढलं. "यांना विचारा. यांचंच आहे."

मग मी खारेपाटच्या मराठीत सांगितलं, प्राजक्ताने तिच्या जपानीत. पीक घरात आलं की पहिलं माप मोजायचं नसतं, ते आलं याचंच बरं मानायचं, म्हणून लाभ. प्राजक्ताला त्यातलं किती सांगता आलं, देव जाणे. ती मधेच हाताने सुपात पाखडल्यासारखंही करत होती. युको ऐकत राहिली. मग हानाच्या डोक्यावर टॉवेल टाकून काही तरी म्हणाली आणि हसली.

"काय म्हणाली?" बाईंनी विचारलं.

"म्हणाल्या, पुढच्या वेळी जरा लवकर लावते. वेळ पुरत नाय."

बाईंनी त्या दिवशी बिरडं केलं नव्हतं. तरी आम्हाला जेवायला थांबवलं. पिठलं-भात. वाढताना बाई माझ्या ताटात भात घालून म्हणाल्या, "पाटील, वर्गात मात्र इचीच म्हणायचं."

प्राजक्ता पुढे परीक्षा पास होऊन जपानला गेली. मी दहापर्यंतच राहिलो. आणि एक दिवस युकोने बाईंना बोलावलं. हानाच्या शाळेला सुट्टी होती, घरात जागा लहान आहे पण या, असं. बाई जाऊन आल्या. परत आल्यावर एकदा फोनवर बोललो, तर म्हणाल्या, "बोलायची फार वेळच आली नाही. ती रात्री माझ्या पांघरुणात शिरायची आणि स्वतःच बडबडायची. मी हुं हुं करायचे." एवढंच. भेटायला येतो, येतो म्हणत मी राहिलो. त्या थंडीत बाई गेल्या. मला कळलं तेही प्राजक्ताच्या जपानहून आलेल्या फोनवरून, मी इकडे पेणला, रोह्यापासून तासाभरावर असताना.

त्यामुळे बाई आठवतात त्या वडखळच्या नाक्यावरच्या. मुंबईला विमानासाठी निघाल्या होत्या, गाडी तिथे दोन मिनिटं थांबवते म्हणाल्या, म्हणून मी जाऊन उभा होतो. ट्रेलरची रांग, धूळ, आणि त्यात एक पांढरी गाडी. काच खाली झाली. बाई नव्या स्वेटरमध्ये, वडखळच्या उन्हात घामाघूम. कायम माझ्याकडे चष्म्याच्या वरून बघणाऱ्या बाई आज बघतच नव्हत्या, हातातल्या पर्सची चेन उघडत होत्या, लावत होत्या.

"पाटील, फोनवर थोडा वेळ असतो हो. मोजून निभतं. तिथे सकाळ असणार, दुपार असणार. मोजून झाल्यावर मी तिच्याशी काय बोलू?"

आयुष्यात पहिल्यांदा टिपणीस बाईंनी मला असा प्रश्न विचारला होता, ज्याचं उत्तर त्यांना माहीत नव्हतं. माझी छाती फुगली. मी खिडकीत वाकलो, आणि माझ्या परीने सगळा धीर गोळा करून म्हणालो, "बाई, तुम्ही काय काळजी करू नका. कुठं अडलं, काय बोलायचं सुचलं नाय, तर रात्री-बेरात्री मला फोन लावा. मी हाय ना."

बाईंचे हात थांबले. त्यांनी चष्मा खाली ओढून वरून माझ्याकडे नीट बघितलं, आणि काच वर करता करता म्हणाल्या,

"तुम्हाला विचारायची वेळ आली, तर मी सरळ परत येईन."